भाऊजींचं कौतुक

भाऊजींच्या नोकरीसाठीचं पत्र मी लिहिलं, आणि मन लावून लिहिलं. माझ्या स्वतःच्या अर्जातही मी इतका जीव ओतला नाही.

जाऊबाई संध्याकाळी आल्या आणि दारातच घुटमळल्या. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, आणि या त्यांच्या बायको. दोन्ही घरांत बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे काहीतरी अडलंय हे मी ओळखलं.

"मोठ्या इस्पितळात वायरमनची जागा निघालीय," त्या म्हणाल्या. "अर्जाबरोबर आपल्या कामाबद्दल पानभर पत्र मागितलंय. यांना बोलायला सांग, दिवस मावळेपर्यंत बोलतील. लिहायचं म्हटलं की चष्मा सापडत नाही. तू देशील लिहून?"

"भाऊजींनी पाठवलंय?"

"ते कसले पाठवतात! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण जाऊ नको असंही म्हणाले नाहीत."

मी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा टाकला. त्याच जागेसाठी मीही अर्ज करणार आहे, हे मात्र सांगितलं नाही.

वायरिंग मला नवऱ्यानं शिकवलं. तो गेल्यावर मी भाऊजींच्या विजेच्या दुकानात कामाला लागले. भिंतीला झिऱ्या पाडणं, पाइप टाकणं, वायरी ओढणं, पॅनेल जोडणं, सगळं मी करायचे. भाऊजी खाली शिडी धरून उभे राहायचे आणि जागेचा मालक आला की, "मी करून घेतलंय," म्हणायचे. पुढं पुढं "करून घेतलंय"चं "केलंय" झालं. करंटला तर ते इतके भ्यायचे की घरचा बल्बसुद्धा जाऊबाई बदलायच्या. मी म्हणायचे, जाऊ दे, घरचाच माणूस आहे. मग एका गिऱ्हाइकानं दुकानात फोन करून, "त्या बाईंनाच पाठवा," असं सांगितलं, आणि भाऊजींनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हटलं.

निदान अनुभवाचा दाखला तरी द्या, असं मी म्हणाले. ते दुकानात बसलेल्या चार माणसांकडे बघून हसले.

"कसला अनुभव? पक्कड हातात द्यायचा?"

ती चार माणसंही हसली. त्यानंतर मी जिथं जाईन तिथं लोक माझा वायरमनचा परवाना बघायचे आणि दाखला मागायचे. दाखला नाही म्हटलं की दार बंद. परवाना असलेली बाई दारावरच्या घंटा दुरुस्त करत हिंडत होती. इकडे माझ्यानंतर भाऊजींच्या दुकानानं केलेली कामं धडाधड जळायला लागली आणि दुकानाचं शटर पडलं ते पडलंच. मला आनंद झाला नाही असं सांगितलं तर माझी जीभ झडेल.

जाऊबाई गेल्यावर मी लिहायला बसले. "महोदय, शस्त्रक्रियेच्या खोलीचे संपूर्ण वायरिंग मी एकट्याने केले आहे. शीतगृहाची जळालेली मुख्य लाइन मी स्वतः बदलली. पंपाचे पॅनेल बिघडल्यास कोणाच्याही मदतीशिवाय मी दोष शोधून काढतो." मी पदरचं एक अक्षर घातलं नाही. प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भाऊजी जे सांगत आले, तेच नीट ओळीनं मांडलं. सूड घ्यायचा म्हणजे माणसाला खाली ओढायचं, असं लोकांना वाटतं. मी भाऊजींना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. एकेक ओळ लिहिताना काय गोड वाटत होतं म्हणून सांगू!

सकाळी जाऊबाईंनी पत्र वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मनात काही ठेवलं नाहीस गं," त्या म्हणाल्या.

मी तापानं फणफणले होते तेव्हा ही बाई माझ्या उशाशी बसून होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, चहाचे कप विसळायला घेतले. पण पत्र परत मागितलं नाही. भाऊजींनी ते तीनदा वाचलं आणि मान डोलवत सही केली, हे मला नंतर कळलं. इतकी वर्षं बोलून बोलून त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

मग मी माझं पत्र लिहिलं. तीच शस्त्रक्रियेची खोली, तेच शीतगृह, तेच पंप, त्याच क्रमानं. दोन्ही पत्रं एकाच टेबलावर जाणार होती.

आठवड्यानं बोलावणं आलं. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, देखभाल खात्याच्या बाहेर बाकावर भाऊजी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला नवाकोरा टेस्टर.

"तू इथं कशी?"

"अर्ज दिलाय, भाऊजी."

"तुला कोण घेणार?" ते म्हणाले, अगदी मायेनं.

आतून फोरमननं दोघांनाही एकदमच हाक मारली. म्हातारा, पोट सुटलेला, कपाळावर चष्मा चढवलेला. समोर दोन्ही पत्रं शेजारी शेजारी पसरलेली.

"ही गंमतच आहे," तो म्हणाला. "एकाच शीतगृहाची एकच लाइन तुम्ही दोघांनी एकट्यानं बदललीत."

भाऊजी माझ्याकडे वळले. त्यांच्या डोक्यात उजेड पडताना मला दिसला. पण माणूस मुरलेला.

"आमची भावजय आहे साहेब. मदतीला असायची. माझ्या तोंडून ऐकून लिहिलं असेल बिचारीनं."

फोरमननं माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले. गप्प बसायचीच तयारी करून आले होते.

"मला घरची भांडणं नकोत," फोरमन दोन्ही पत्रं घेऊन उठत म्हणाला. "खाली पंप बिघडलाय. चला."

तळघरात पाण्याचा वास होता आणि पायाखाली ओल. फोरमननं पॅनेलचं हिरवं बटण दाबलं, पंप घुरघुरला. बोट काढलं, पंप बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"बटण सोडलं की थांबतो. का, ते शोधा. आधी तुम्ही," तो भाऊजींना म्हणाला.

भाऊजींनी पॅनेलचं दार उघडलं. आत वायरींचा गुंता, मधे पंप चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर. ते बघत राहिले. टेस्टर खिशातून काढला, पुढं नेला, मागं घेतला.

"मेन बंद आहे ना?"

"तुम्हीच बघा की. एकट्यानं करता म्हणे."

भाऊजींच्या मानेवरून घाम शर्टात उतरला. मग त्यांनी ते केलं, जे प्रत्येक कामावर करत आले होते. पॅनेलवरची नजर न काढता ते एक पाऊल मागं सरले, टेस्टर माझ्यापुढं धरला आणि म्हणाले,

"बघ गं जरा."

म्हणून झाल्यावर काय म्हटलं ते त्यांना कळलं. फोरमनला तर आधीच कळलं होतं. मी हाताची घडी घातली.

"पत्रात तुमचं नाव आहे, भाऊजी."

"अगं, बघ ना."

"शस्त्रक्रियेची खोली कुणी केली?"

त्यांनी टेस्टर खाली केला. पंपातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"कुणी केली?"

"हिनं," ते फोरमनला म्हणाले.

"शीतगृहाची लाइन?"

"हिनं."

"आणि तुम्ही?"

"मी शिडी धरायचो." एवढं बोलून ते भिंतीला टेकले.

छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला वाटलं. सूड घेतल्यावर हाती काही लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक तो घेतलेलाच नसतो.

फोरमननं माझ्या पत्रावर काहीतरी खरडलं. "जागा तुमची. दाखल्याचं मी बघतो, यांनी माझ्यासमोर सांगितलंय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "स्टोअरमध्येही एक माणूस हवाय. सामान द्यायचं, घ्यायचं. यांचंही वय झालंय. तुम्ही बरोबर काम केलंय. घेऊ का यांना?"

भाऊजींनी ऐकलं. वर बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. घरी जाऊबाई दाराकडे डोळे लावून बसल्या असतील, हे मला ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर त्या घरात आज सगळे हसले असते, आणि माझ्या पदरात पुण्यही पडलं असतं.

"नको," मी म्हणाले. "दुसऱ्यानं केलेल्यावर आपलं नाव लावायची सवय आहे त्यांना. स्टोअरला परवडायची नाही."

भाऊजी जिना चढून गेले. कठडा धरून, एकेक पायरी. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा मी मेन बंद केला आणि पॅनेलमध्ये हात घातला.