तळीच्या गाळात उतरलेली पाणबुडी

“ताई, पाणबुडी किती खोल जाते ते मागाहून विचारा. बॅटरी मेली तर आपसूक वर येते का, ते आधी विचारा.”

म्हापशाच्या दुकानदाराचा, श्रीनाथचा हा आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या पोटात घुमतो. मित्रांनो, मी रिमोटवर चालणारी एक जुनी पाणबुडी आहे. हातभर लांब, रंगाने शेवाळी, डाव्या बाजूचा पंख मोडलेली. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला मधूनच शिसारी येईल. येऊ द्या. मला ती आजही येते.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते तेरेखोलच्या हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावातलं निळं, गुळगुळीत पाणी. एका पाहुण्याने हौसेने मला तिथे सोडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुगून गेले. दुसऱ्या दिवशी त्याने मला खाडीच्या मुखाशी सोडलं. खाऱ्या पाण्यात रिमोटच्या लहरी मरतात हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. मी बहिरी झाले. वर येऊन तरंगत राहिले, तर म्हणाला, “बिघडली!” आणि मला न धुता, मिठासकट, पिशवीत कोंबलं. तो चिकट खारटपणा मी सहा महिने अंगावर वागवला. शेवटी श्रीनाथच्या दुकानात माझी रवानगी झाली, फळीवर, अगदी वरच्या.

तिथे एका शुक्रवारी अश्विनी आली. डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीतली मुलगी, आयटीआयमध्ये शिकणारी, लोकांचे मिक्सर दुरुस्त करून तीन हजार जमवलेली.

श्रीनाथने तिच्यापुढे तिघी मांडल्या. एक मोठी, पोटात पाणी भरून घेऊन खऱ्यासारखी बुडणारी. तिची किंमत ऐकून अश्विनीने ती हळूच मागे सरकवली. दुसरी लालचुटूक, दिवेवाली. श्रीनाथ प्रामाणिक माणूस, म्हणाला, “ही टबात ठीक. हिचा रिमोट नव्या तऱ्हेचा, हातभर पाण्याखाली गेली की हिला काही ऐकू येत नाही.” तिसरी मी.

“हिच्यात टाकी-बिकी नाही. पंखा फिरला, पंख खाली वाकवले की बुडते. थांबला की वर. लांब काडीचा जुना रिमोट आहे, गोड्या पाण्यात चांगला ऐकू जातो. रबराची कडी तेवढी बदला.”

“बादलीत घालून दाखवा आधी.”

“अगे, पाणबुडी घेतेस का म्हैस?”

“म्हशीला तरी दात असतात बघायला, दादा.”

बादली आली. बुडबुडा एकही निघाला नाही. अश्विनीने मला फडक्याने पुसलं, कानाकोपऱ्यातलं मीठ नखाने काढलं. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

ती राहायची ते घर म्हणजे चित्रशाळाच होती, गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा. तिचे वडील बाबुराव सिंधुदुर्गातून येऊन तीस वर्षं इथे चिकणमातीचे गणपती करत होते. माती मळताना गुणगुणायचे :

माती गो माती, तुझी मऊ मऊ काया,
पाण्यातसून इलंस, पाण्यातच जावक व्हया.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे गणेशचवथीच्या आधी घरोघरचा पाट चित्रशाळेत येतो आणि त्या घरची मूर्ती त्याच पाटावर बसते. आषाढ लागला की बाबुरावांच्या भिंतीला चाळीस पाट टेकलेले असायचे. त्या वर्षी नऊ होते. बाबुराव रोज ते मोजायचे नाहीत, पण रोज तिकडे पाहायचे.

कारण असं घडलं होतं. उन्हाळ्यात देवळाची तळी आटली, तेव्हा मधोमध गाळातून एक पांढरा हात वर आलेला दिसला. गणपतीचा. न विरघळलेला, म्हणजे मातीचा नव्हे. लोक म्हणाले, बाबुराव माती सांगून प्लास्टर देतो. बंदी असताना देतो. आपल्याला फसवतो. हात सगळ्यांनी पाहिला, बोटं सगळ्यांनी दाखवली, पण गाळात कुणी उतरलं नाही. म्हणे अंगाला खाज सुटते. मग पाऊस आला, तळी भरली, हात झाकला गेला आणि बोलणं मात्र उघडं राहिलं.

“बाबा, ती मूर्ती वर काढायचीच,” अश्विनी म्हणाली. “तुमची भरीव असते. ती साच्यातली पोकळ निघाली की तुमच्या हातची नव्हे हे ठरलं.”

बाबुरावांनी मला उलटसुलट केलं. “ह्यां काय? मासो?”

“पाणबुडी.”

“मग कडयेक जरा खोबरेल लाव.”

“नको हां! खोबरेलाने रबर फुगतं.”

“आमच्याकडे खोबरेलान कायच फुगणा नाय,” असं पुटपुटत ते मातीकडे वळले. तेवढ्यात गोकुळदास आले. शेजारी, तीस वर्षांचे दोस्त. रोज संध्याकाळी इथेच चहा. नऊ पाटांकडे पाठ करून बसायचे, आणि लोकांचा विषय निघाला की बशीत फुंकर घालत राहायचे. मला ती फुंकर मुळीच आवडली नाही.

पावसाने उघडीप दिलेल्या रविवारी अश्विनीने माझ्या नाकाला आकडा बांधला, शेपटीला नायलॉनची मजबूत दोरी, आणि माशाच्या गळाच्या शिशाच्या गोळ्या लावून मला तोललं. तळीच्या पायऱ्यांवर अर्धा वाडा जमला. गोकुळदासांची बायको विनोदिनी पुढेच होती.

“बाबुराव, देवाला आता आकड्याने ओढणार?”

“माका तरी खय बरा वाटता, वयनी? पण गप रवलंय तर माझ्या हातांका काळो डाग.”

मी उतरले. मित्रांनो, शी! काय सांगू तुम्हाला? वरून ती तळी हिरवीगार, देवळाची सावली अंगावर घेऊन बसलेली. आणि खाली? निर्माल्याच्या पिशव्या, गाठ मारलेल्या, आत फुलं सडून काळा रस झालेला. मखराचं थर्माकोल. प्लास्टिकचे हार. दुधाच्या पिशव्या. बाटल्या, त्याही मोजक्या नव्हेत. एका पिशवीला माझा पंखा घासला, ती फुटली आणि आतला बुळबुळीत गोळा माझ्या तोंडावर बसला. पाण्यालाच ओकारी आल्यासारखं होतं ते. हे सगळं हात जोडून टाकलेलं! टाकताना डोळे मिटलेले, म्हणून टाकणाऱ्यांना काही दिसत नव्हतं. मला डोळे मिटता येत नाहीत.

गाळात पुढे काहीतरी मोठं, फिकट दिसलं. मी थेट त्याच्यात घुसले. पाठीमागून उघडी, भली मोठी पोकळी होती ती, शेवाळाने माखलेली. आत काथ्या लोंबत होता. माझा आकडा त्यात रुतला, पंख अडकला. मी देवाच्या पोटात होते आणि मला किळस येत होती, ह्याचीच मला लाज वाटली.

वर दोरी ताणली गेली. प्रवीण आणि सुदेश, वाड्यावरचे दोन तरुण, अश्विनीच्या मदतीला धावले. कडाड् झालं. माझा पंख मोडला, पण काथ्याने धरून ठेवलं. मी वर आले ती माझ्याबरोबर ते धड घेऊन आले. एक हात शाबूत, मुकुटाचा सोनेरी रंग अर्धा उडालेला, आणि दुर्गंधी अशी की पहिली रांग दोन पायऱ्या मागे सरली.

“पोकळ,” अश्विनी म्हणाली. तिने बोटाने वाजवून दाखवलं.

पण विनोदिनीच्या तोंडून निघून गेलं, “अगो बाई, हा तर आमचाच! गेल्या चवथीचा तीन फुटी!”

मग काय! लोक ओरडले, “म्हणजे बाबुरावांनीच केलेला! आरतीला आम्ही सगळे होतो. गोकुळदासच सांगत होते, बाबुरावाचा हात म्हणून!”

बाबुरावांचा चेहरा मातीसारखा झाला. दर चवथीला मूर्ती वाटून झाल्या की ते आपल्या गावी जायचे, गोकुळदासांकडची आरती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते हळू म्हणाले, “दोन फुटांच्या वर मी करणय नाय. गोकुळदास, गेल्या वर्षी तुझो पाट माझ्याकडे इलोच नाय. चवथ पुतण्याकडे, असा सांगितलंस माका.”

सगळे वळले. गोकुळदास सगळ्यात वरच्या पायरीवर उभे, नाकाला उपरणं लावून.

मित्रांनो, मी मोडक्या पंखाने पायरीवर पडले होते, आणि सांगते, गाळापेक्षा मला ते उपरणं जास्त ओंगळ वाटलं. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या वाड्यावरची तळी असेल, विहीर असेल, तिला हात जोडता तसे कधी तिच्यात हातही घाला. जे टाकलं ते आपणच उचला. पाणी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्यावर आळ घालणं फार सोपं असतं. माझ्यासारखी एखादी जुनी पाणबुडी दर वेळी कुठून येणार?

बाबुराव नुसते मित्राकडे पाहत राहिले. मग गोकुळदासांनी उपरणं खाली घेतलं. तो वास त्यांनी छातीभर आत ओढला, पायऱ्या उतरून खाली आले आणि बायकोकडे न बघता, लोकांकडे न बघता, बाबुरावांना म्हणाले,

“तुझो हात न्हय तो. पोरांना मोठा हवा होता, तू दोन फुटांवर करीना. मी हमरस्त्यावरून प्लास्टरचा आणला, आणि कोणी नावं ठेवू नयेत म्हणून नाव तुझं सांगितलं.”