तळघरावरची काच

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारचा आवाज मोठा करणे, एवढेच माझे काम. सध्या ते बंद आहे. बर्मिंगहॅममधल्या एका पबमध्ये, बारच्या शेजारी, स्क्रू लावून बंद केलेल्या काचेच्या पेटीत मी बसून असतो. वर पितळी पाटी आहे : 'खरे रॉक संगीत इथे होते.'

एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने माझी एकेक तार डाख देऊन जोडली. मला विकत घेतले ग्लेनिस ट्रँटरने. ती मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरे शिवायची आणि संध्याकाळी याच पबच्या तळघरात गिटार वाजवायची. मी तापायचो, माझ्यातून जळक्या धुळीचा वास यायचा, लोक घामाने निथळत नाचायचे. वरून पबचा मालक झाडूच्या दांड्याने जमीन ठोकायचा. "याला गाणं म्हणतात? आमच्या वेळचं संगीत राहिलं नाही!"

त्याचा मुलगा क्लाइव्ह खाली माझ्या वायरी गुंडाळत असे. तो हसून म्हणायचा, "म्हातारा बहिरा झालाय. तुम्ही वाजवा."

पुढे ग्लेनिसच्या बोटांना संधिवात झाला. तिने मला क्लाइव्हकडे ठेवायला दिले. पब आता त्याचा होता. त्याने मला पुसले, पेटीत घातले आणि माझी वायर कापून टाकली. रोज कोणीतरी ग्लास उंचावून म्हणते, "सोनं होतं ते. आताची पोरं नुसता गोंगाट करतात." तळघरातले गाणे-वाजवणे मात्र अजून चालू आहे. हे लोक जिना उतरत नाहीत, एवढेच.

वीज मिळाली नाही की आमचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, आतून सुकतात. बाहेरून चकचकीत असलो, तरी मी संपत चाललो आहे.

गेल्या शनिवारी ग्लेनिस आली. सोबत तिची नात टॅमसिन होती. टॅमसिनचा अ‍ॅम्प्लिफायर जळला होता आणि थोड्या वेळात तिला खाली वाजवायचे होते.

"क्लाइव्ह, पेटी उघड. वायर मी बसवून घेते," ग्लेनिस म्हणाली.

"याला हात लावायचा नाही. असा आवाज आता होणे नाही."

"खाली जाऊन किती वर्षं झाली तुला?"

"गुडघे दुखतात गं."

"आणि कान?"

क्लाइव्ह ग्लास पुसत राहिला. टॅमसिन म्हणाली, "चल आजी. ड्रमरकडे एक मोडका आहे, त्याच्यावर भागवू." जाताना ग्लेनिसने काचेवर तळवा टेकवला, नंतर हात काढून घेतला.

खाली गाणे सुरू झाले. माझ्या ओळखीचे नव्हते. ताल वाकडा, आवाज फाटका. पण जमिनीतून तो माझ्या स्पीकरच्या पडद्यापर्यंत पोचला. पडदा थरथरला. माझ्याबरोबर काच वाजू लागली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी वाजवत होतो.

क्लाइव्हने झाडू आणला आणि दांड्याने जमीन ठोकली. "आमच्या वेळी असं नव्हतं," तो म्हणाला. खालचे गाणे थांबले नाही. तेव्हा त्याने ग्लासखाली ठेवायचा एक पुठ्ठा दुमडला आणि काच नि चौकटीमधल्या फटीत घट्ट बसवला. काच गप्प झाली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य कपाटावर ठेवलेले असेल, तर त्याला हार घालू नका. खाली काढा आणि ज्याला वाजवायचे आहे त्याच्या हाती द्या. तो चुकेल, तार तुटेल. तुटलेली तार बदलता येते.

आज पुन्हा शनिवार आहे. खाली टॅमसिन गिटार जुळवते आहे. पुठ्ठा अजून फटीतच आहे.