दोन-अडीच वर्षं

"बीपी दहा वर्षांपासून आहे, असं तुमच्याच माणसानं सांगितलंय," विम्याच्या काउंटरवरच्या मुलीनं केसपेपर पूर्णिमापुढं सरकवला. "आजार पॉलिसीच्या आधीचा, म्हणून कंपनीनं कॅशलेस थांबवलंय."

पूर्णिमानं ती ओळ दोनदा वाचली. तिचे वडील ज्ञानू दहा वर्षांपूर्वी उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहत होते. बीपी हा शब्दही तेव्हा घरात नव्हता. आज सकाळी धार काढताना त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा ती शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्या पाळीला गेली होती. शेजारच्या लालासाबचाचांनी त्यांना टेम्पोत घालून गडमुडशिंगीहून कोल्हापुरात आणलं. सोबत गल्लीतली नऊ माणसं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. उद्या सकाळी अँजिओप्लास्टी करायची, तर आज संध्याकाळी आठच्या आत काउंटरवर कंपनीची मंजुरी तरी हवी, नाहीतर खर्चाची कुणीतरी घेतलेली लेखी हमी.

"चाचा, दहा वर्षं कुणी सांगितलं?"

"मीच की," लालासाब बाकावरून उठले. "का?"

"आण्णांना दहा वर्षं बीपी हाय?"

"न्हाय."

"मग?"

"अगं, कमी सांगितलं की डॉक्टर दोन गोळ्या देऊन घरला लावत्यात. आमच्या अब्बांचं तसंच झालतं. म्हणून जरा वाढवून सांगितलं. लगेच आत घेतलं का न्हाय?"

"मी तर वीस सांगा म्हणत हुते," शेजारची चिमणाबाई म्हणाली.

पूर्णिमा फौंड्रीच्या प्रयोगशाळेत ओतीव लोखंडातला कार्बन मोजायची. दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यासाठी सुपरवायझरशी भांडायची. आणि इथं तिच्या बापाची दहा वर्षं कुणीतरी मायेनं वाढवून ठेवली होती. ओरडावं तरी कुणावर? नऊच्या नऊ माणसं सकाळपासून उपाशी बसली होती.

काउंटरवरच्या मुलीनं बाकीचं समजावलं. ज्ञानूंचा विमा गावातल्या दूध संस्थेमार्फत होता, सगळ्या सभासदांचा एकत्र. जुन्या कंपनीच्या विम्यात पहिल्या दिवसापासून सगळे आजार धरले जायचे. गेल्या महिन्यात, जुलैत, संस्थेनं कंपनी बदलली. नव्या अटीप्रमाणे विमा सुरू होण्याआधीचा आजार असेल, तर तीन वर्षं थांबायचं. ज्ञानूंचा विमा सुरू होऊन दोन वर्षं एक महिना झाला होता.

"अट बदलल्याचं आम्हाला कुणीच सांगितलं नाही."

"ते संस्थेनं सांगायचं असतं, मॅडम."

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी केसपेपरवरचं ते 'दहा वर्षं' खोडायला नकार दिला. पहिल्या निदानाचा कागद आणला तर खुलासा जोडतो, म्हणाले.

ती आत गेली. "आण्णा, बीपी कधी निघालं?"

"झाली असतील की दोन-अडीच वर्षं."

"दोन का अडीच?"

"दोन-अडीच म्हंजे दोन-अडीच. आता काय कोर्टात उभं करतीस?"

दोन असतील तर मंजुरी. अडीच असतील तर नकार. सगळं त्या सहा महिन्यांत अडकलं होतं, आणि आण्णा ते सहा महिने एका श्वासात बोलून मोकळे झाले होते.

लालासाबांच्या टेम्पोतून ती गावातल्या डॉक्टरांकडं गेली. त्यांच्याकडं कागद नव्हताच. ते गोळीचं नाव तोंडीच सांगायचे, गोळ्या त्याच दिवशी मेडिकलमधून आणायच्या. त्यांनी खणातून लेटरहेड काढलं, सही करून शिक्का मारला आणि पेन उघडंच ठेवलं.

"तारीख सांग. कुठली पायजे?"

"खरी कुठली?"

"मला कसं आठवंल बाळा? दिवसाला साठ पेशंट. तुला कुठली चालती ते सांग."

"दे की सांगून," लालासाब म्हणाले. "माझ्यामुळं अडकलंय, सुटू दे."

पूर्णिमानं तारखेविना तो कागद घेतला आणि अबुजरच्या मेडिकलमध्ये गेली. अबुजर हा लालासाबांचा थोरला मुलगा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक बिल होतं. ज्ञानूंचं नाव टाकल्यावर बीपीच्या गोळ्यांचं पहिलं बिल निघालं ते दोन वर्षांपूर्वीच्या बारा जूनचं. विमा सुरू झाला होता एक जुलैला.

एकोणीस दिवस.

"हे मी बघितलंच न्हाय," अबुजर हळूच म्हणाला. "तूबी बघितलं न्हाईस. ऑगस्ट टाक कागदावर."

तिनं पेन हातात घेतलं. 'ऑगस्ट' लिहायला किती वेळ लागतो? उद्या कंपनीचा माणूस याच कॉम्प्युटरपुढं उभा राहिला, तर आण्णांचा विमाच रद्द होईल, ही भीती होती. पण खरं कारण साधं होतं. काट्यावर जे दिसलं नाही, ते तिनं आजवर कधी लिहिलं नव्हतं. तिनं 'बारा जून' लिहिलं, बिल जोडलं आणि दुकानातूनच हॉस्पिटलच्या डॉक्टरांना आणि कंपनीला पाठवलं. एकोणीस दिवस कुठं आणि दहा वर्षं कुठं, कुणीतरी माणूस ते वाचेल, असं तिला वाटलं.

चार वाजता उत्तर आलं. तेच वाक्य, तोच नकार, फक्त 'दहा वर्षे' काढून तिथं तारीख घातलेली.

"एवढी शिकलीस," लालासाब कळवळून म्हणाले, "आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!"

आता उरली होती ती फक्त लेखी हमी. ती तडक दूध संस्थेत गेली. संध्याकाळचं दूध घालायला किटल्यांची रांग लागली होती. सचिव हंबीरराव काट्यामागं बसले होते.

"काका, विम्याची अट बदलली, त्या कागदावर सही कुणाची?"

"माझी. पण अट कंपनीनं बदलली. हप्ता वाढत हुता, म्हणून संस्थेनं दुसरी कंपनी घेतली. तुमच्याच भल्यासाठी."

"सभासदांना सांगितलं?"

"फळ्यावर नोटीस लावलीती."

सगळ्यांनी फळ्याकडं पाहिलं. जनावरांच्या लाळ-खुरकतीच्या लसीकरणाचं मोठं पोस्टर होतं. पूर्णिमानं ते उचललं. खाली इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता, बारीक अक्षरांतला.

"हे वाचायचं कुणी? म्हशींनी?" लालासाब ओरडले.

"लालासाब, आवाज खाली. ज्ञानूचं वाईट मलाबी वाटतंय. पण संस्था काय करणार?"

रांगेत पुढं चिमणाबाई होती. हॉस्पिटलातून येऊन तिनं घाईनं धार काढली होती. तिनं किटलीचं झाकण परत लावलं. "मग दूधबी त्या फळ्यालाच माग," म्हणाली आणि किटली उचलून बाजूला झाली. मागच्यानं झाकण लावलं. त्याच्या मागच्यानंही. कुणी घोषणा दिली नाही. झाकणं मात्र एकापाठोपाठ वाजत गेली. बाहेर दुधासाठी थांबलेल्या टँकरवाल्यानं हॉर्न मारला.

हंबीररावांनी पाच मिनिटं वाट पाहिली. दोन संचालकांना फोन लावले. मग चिडून कागद ओढला आणि हॉस्पिटलच्या नावानं लिहायला घेतलं. पूर्णिमानं तो वाचला.

"'संस्था खर्चाबाबत सहकार्य करेल.' हे नाही चालणार."

"का? सहकार्य वाईट हाय?"

"हॉस्पिटल याला हमी मानत नाही. 'खर्चाची जबाबदारी संस्थेची राहील' असं लिहा. 'जुलैतल्या बदलाची माहिती सभासदांना दिली गेली नव्हती' हेही लिहा."

"हे न्हाय लिहिणार."

पुन्हा हॉर्न वाजला. हंबीररावांनी लिहिलं. सही करताना म्हणाले, "पोरी, गावात राहायचंय तुला."

"तुम्हालाबी की," चिमणाबाई म्हणाली.

साडेसातला काउंटरवर कागद पोचला. मुलीनं तो उलटसुलट पाहिला, वरिष्ठांना दाखवला आणि सकाळी नऊची वेळ दिली. पूर्णिमा आत गेली, तर आण्णांना सगळं आधीच कळलं होतं.

"माझ्यापायी लोकांचं दूध अडवलंस? शरम वाटत न्हाय? हंबीररावाला तोंड कसं दावू मी?"

"कंपनीनं दोनदा नकार दिलाय, आण्णा. दुसरं काय करायचं होतं?"

"दूध अडवायचं नव्हतं."

तिनं नळी लावलेला त्यांचा हात नीट उशीवर ठेवला.

"उद्या नऊला नंबर हाय," ती म्हणाली. "ते झालं की भांडा. मीबी भांडणार हाय."