सावाएताईंचा पांढरा पंचा

तोकुजीच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या डाव्या चाकातून इतकं तेल गळायचं, की त्यावरून घसरत आमचा पोस्टमन गाडीचं इंजिन बंद ठेवून अख्ख्या गावाचं टपाल वाटायचा. बांधावरचे बेडूक घसरून घसरून गाणं विसरले होते. खोटं वाटत असेल तर पोस्टमनला विचारा. शेवटचा दिसला तेव्हा तो शेजारच्या जिल्ह्यात सरकत होता.

यंदा पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावायचं काम सावाएताईंकडं होतं. त्यांचं भातखाचर तोकुजीच्या खाचराच्या बरोबर खाली, आणि त्यात त्या बदकं सोडतात; वरचं तेल थेट बदकांच्या अंगावर. चिखलणीच्या दिवशी सकाळीच त्या हजर.

"तोकुजीभाऊ, आज दुपारी बाराला तुमची पाळी. त्याआधी चाकाखाली माझा पांढरा पंचा अंथरीन. एक डाग पडला, की पाणी पुढच्याला. मग तुमचा नंबर अकरा खाचरांनंतर."

रोज एक खाचर, म्हणजे अकरा दिवस! तोकुजीची रोपं तर ट्रेमधून माना उंचावून भिंतीवरचं घड्याळ बघत होती. अकरा दिवसांत ती पिवळी पडून माना टाकणार.

"कान्सुके, जॅक आण!" तोकुजी माझ्यावर ओरडला.

तेल काढलं, चाक उतरवलं, त्यामागची गिअरची पेटी उघडली. आत तेल अडवणाऱ्या रबरी सीलभोवती मासे धरायची दोरी गुंडाळलेली, तिनंच रबर कापलेलं. ती दोरी ओढता ओढता मी देवळापर्यंत गेलो, तरी टोक सापडेना. जुनं सील उचकटलं, नवं ठोकलं, पेटी मिटली, तेल भरलं.

तेल जोरात बाहेर आलं. आधी थेंब होते, आता धार!

"अरे, सील बसवलं कसं तू?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? सीलचा ओठ, ती मऊ कड, बाहेर, चिखलाकडं! पाणी आत घुसायला नको."

मलाही ते अगदी पटलं होतं. आमच्या सात पिढ्या बांध घालत आल्या. पाणी दिसलं की त्याच्याकडं तोंड करून छाती काढायची, एवढंच आम्हाला येतं.

मागून सावाएताई म्हणाल्या, "वैरी बाहेर नाही, भाऊ, घरात आहे. पळून चाललंय ते तेल. त्याच्याकडं तोंड करा की!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तीस बदकं पाळते मी. कुंपण कुणासाठी घालायचं, ते आधी ठरवावं लागतं."

नशीब, उजव्या चाकासाठी दुसरं सील आणलेलं होतं. अकरा वाजून गेले होते. पुन्हा सगळं उघडलं. या खेपेला सील कापू नये म्हणून चाकाच्या दांड्याच्या धारेवर टेप गुंडाळली, ओठाला ग्रीस चोपडलं, ओठाची, स्प्रिंग असलेली बाजू आत तेलाकडं ठेवली आणि लाकडाचा ठोकळा धरून चारी अंगांनी हलकेच ठोकलं. तोकुजी तर सीलला "आत जा बाळ, आत जा" असं गोंजारत होता. बायकोशी इतकं गोड बोलला असता, तर ती माहेराहून केव्हाच परत आली असती.

तेल भरलं, चाक चढवलं, गरागरा फिरवलं. सावाएताईंनी पंचा अंथरला आणि समोर बसून भाताचे गोळे खायला घेतले. एक गोळा संपला. पंचा कोरा. दुसरा अर्धा झाला. कोरा! मी ओणवा होऊन बघायला गेलो, आणि टप्प! पंच्यावर ओला डाग.

तोकुजी पुन्हा जॅककडं धावला. सावाएताईंनी डाग नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि माझ्याकडं बघितलं.

"हे तेल नाही. हा तुमच्या नाकावरचा घाम. कान्सुकेभाऊ, तुम्हालाही एक सील बसवून घ्या!"

बाराला पाटाचं दार उघडलं. तोकुजीनं ट्रॅक्टर असा पळवला, की पाण्याआधीच तो खाचराच्या त्या टोकाला पोचला आणि पाण्याला "ये ये" करत उभा राहिला. चिखलणी झाली तेव्हा पाण्यावर तेलाचा एक तवंग दिसेना. दिसत होते ते फक्त हसणाऱ्या तोकुजीचे दात. ते मात्र खालच्या खाचरापर्यंत चमकत गेले, आणि बदकांनी त्यांना दाणे समजून चोची मारल्या.