पहिल्या कोकराची हळद

कुंडलिक पावण्याची आणि माझ्या आजोबाची, आबाची, जुंपली ती एडक्यावरनं. अशी जुंपली, की पलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिशच्या कुंपणापाशी बसलेला वॉचमनसुद्धा उठून बघायला लागला.

कुंडलिकनं लोणीवरनं एडका आणून आबाला विकलेला. दिसायला असा, की त्याच्यासोबत फोटो काढावा. पण कळपात सोडून अख्खा हंगाम गेला, आणि एकही मेंढी गाभण राहीना.

"भिमाभाऊ, एडका खणखणीत हाय. तुमच्या मेंढ्यांतच खोट असंल," कुंडलिक म्हणाला.

आबा मिशीत हसला. "धनगराला शिकवतो व्हय रं? मेंढी फळली न्हाई तर आमी आदी एडका बघतो, मंग मेंढीला बोल लावतो. बापजाद्याची रीत हाय. आन् वाट बघायची ती येकच हंगाम. घिऊन जा ह्ये तुजं ध्यान."

सुंदराकाकी तिथंच लेंड्या गोळा करत होती. तिचा हात पाटीतच थांबला, तो मला दिसला.

काकी म्हणजे दत्ताकाकाची बायको. लग्नाला पंधरा वर्षं, पदरात मूल नाही. गंडे झाले, अंगारे झाले, ओल्या लुगड्यानं भैरवनाथाला दंडवत झाले. आरोग्य केंद्राची आशाताई दोघांना दवाखान्यात जा म्हणाली, तर कुशाआज्जीनं तिला वाटेला लावलं. "माजा दत्ता घोड्यावाणी दांडगा हाय. त्याला काय बघायचं?" आमच्यात हंगामाच्या पहिल्या कोकराला हळद लावतात, ती लेकुरवाळीनंच. दरसाल आई लावते. काकी तेवढा वेळ हंडा घेऊन पाण्याला जाते. दारात नळ आलाय, तरी जाते.

मी दहावीला. वक्तृत्वात तालुक्याला नंबर आल्यापासनं माझं तोंड थांबत नाही, असं आई म्हणते. तर नाहीच थांबलं.

"आबा, मग आपल्या दत्ताकाकाला कधी बघितलं?"

कुंडलिक अर्धा चहा टाकून एडक्याची दोरी सोडायला लागला. आज्जी म्हणाली, "शाळंनं कार्टीची जीभ लांब केली बघा." काका मेंढी कातरत होता. त्यानं कातर खाली ठेवली आणि तसाच रानात निघून गेला. अर्धी कातरलेली मेंढी कुणाकडं जावं ते न कळून उभी.

दुसऱ्या दिवशी काका काकीला म्हणाला, "चल, जाऊ नारायणगावला."

काकीनं मलाही ओढलं. "तू चल प्रांजल. तुला विचारता येतं."

डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. वय विचारलं. काकी चाळिशीला टेकलेली. पाळी वेळेवर येते का विचारलं.

"कदीच चुकली न्हाई मॅडम," काकी म्हणाली. "मीच चुकायची वाट बघायचे."

मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी काकाकडं बघितलं. "याआधी तुमची तपासणी?"

"आमी नवस क्येलं व्हतं," काका म्हणाला.

"नवसाला माझी ना नाही. पण वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत, तर दोघांनी यायचं. बाईची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच. पाळीची तक्रार असेल तर तेवढंही थांबायचं नाही."

सगळ्या तपासण्या झाल्या आणि आम्ही रिपोर्ट घेऊन मॅडमकडं परत गेलो. काकाच्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या, म्हणून बीज कमी. तरुणपणी इलाज सोपा होता. काकीत तेव्हा काही दोष नसावा, पण आता वयानं तिची बीजं संपत आलेली.

"मॅडम, आधी आलो असतो तर?" मी विचारलंच.

मॅडम माझ्याकडं नाही, काकीकडं बघत बोलल्या. "तर मी आशा दिली असती. आता खोटी देणार नाही."

स्टँडवर काकानं उसाचा रस आणला. काकीनं ग्लास धरला, प्यायली नाही. गाडी आल्यावर तो मला देऊन म्हणाली, "पी बाय. लई बोललीस, घसा सुकला असंल." मी भरलेला ग्लास तसाच बाकावर ठेवला आणि गाडीत चढले.

काकानं घरी येऊन सगळं सांगितलं, मान वर न करता. आज्जी चुलीतलं लाकूड उगीचच मागंपुढं करत राहिली.

माघात नव्या एडक्याची पिल्लं व्हायला लागली. पहिलं कोकरू झालं, पांढरं, कपाळावर काळा ठिपका. काकीनं सवयीनं हंडा उचलला.

आबा वाट अडवून उभा राहिला. हातात हळदीची वाटी. "सुंदरा, आज तू लाव."

आई मागं सरकली.

काकीनं वाटी घेतली. म्हणाली, "आबा, मेंढ्यांचं तुमाला येका हंगामात कळलं." मग खाली बसली.

किती लावायची ते तिला ठाऊक नव्हतं. सगळी वाटीच लावली. कोकराचं तोंड, कान, मान, सगळं पिवळं. ते शिंकलं, तसं आम्ही हसलो. काकीही हसली. आमचं हसू थांबलं, तिचं थांबेना, आणि ते हसू नाही हे आम्हाला उशिरा कळलं. काका तिच्या शेजारी मातीत बसला. हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

कोकरू धडपडत आईकडं गेलं. मेंढीनं हुंगलं, आणि हळूहळू सगळी हळद चाटून काढली.

काकीनं हात नीट धुतले नसावेत. संध्याकाळच्या भाकरी पिवळट झाल्या होत्या. आज्जीनं एक उचलून उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि मुकाट्यानं दुधात कुस्करली.