ब्रुनिसेंदचे हाडवैरी

ब्रुनिसेंदला बुरुजाच्या तळघरात आणलं तेव्हा कप्पीतून दोर लोंबतच होता. हात पाठीमागे बांधायचे, दोर ओढायचा, की माणूस स्वतःच्या खांद्यांवर टांगला जातो. रक्ताचा थेंब सांडत नाही. देवाच्या माणसांनी रक्त सांडू नये असा नियम आहे ना, आणि मेले नियमाचे पक्के!

ती भिंतीला टेकली तसा पहारेकरी गोत खेकसला, "ए बाई, नीट उभी राहा. अजून हातसुद्धा लावला नाही तुला!"

फादर पोन्स मात्र मऊ बोलायचे. तुलूझ शहराहून पाखंड्यांची, म्हणजे चर्चविरुद्धचा पंथ पाळणाऱ्यांची, चौकशी करायला आलेले. त्यांच्या त्या मऊपणाचीच तिला जास्त भीती वाटत होती.

"बाई, उपासाच्या दिवसांत तुझ्या घरी काळ्या झग्यातला एक पाखंडी उतरला होता. तू दार लावून त्याच्यापुढे तीनदा गुडघे टेकलेस. खरं ना?"

"नाही हो फादर! कोण मेलं सांगतंय असं?"

"नाव सांगता येत नाही. पण तुझे हाडवैरी कोण, ते तू सांग, आणि वैर कशाचं तेही सांग. तक्रार करणारा त्यांत निघाला, तर त्याची साक्ष बाद."

बुडत्याला काडीचा आधार. ब्रुनिसेंद धडाधडा बोलत सुटली. "पाणचक्कीवाला आर्नाऊ! पिठात माती घालतो असं मी म्हणाले चारचौघांत, तेव्हापासून डूख धरून आहे."

फादरांनी मान हलवली. "नाही. आणखी?"

"आमच्या गावचा पाद्री! माझ्या कमरेला हात घालायला आला, मी ताकाचं मडकं ओतलं त्याच्या डोक्यावर."

गोत फिदीफिदी हसला. फादर हसले नाहीत. "नाही. आणखी?"

आणखी कोण? गोतनं तिचे हात मागे ओढून दोराचा फास चढवला. काथ्या मनगटाला कचकन लागला, आणि भीतीनं तिचं डोकं भणभणायला लागलं. गुडघे टेकल्याचं बाहेर कळलंच कसं? दार बंद होतं. आत ती होती, तो भला माणूस, म्हणजे त्या पंथाचा काळ्या झग्यातला साधू होता आणि चुलीपाशी सलगम चिरत बसलेली ऑदा होती. भला माणूस मरेल पण तोंड उघडणार नाही, हे डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ऑदाच! पाठची बहीण! आईच्या तांब्याच्या हंड्यावरून भांडली, ईस्टरपासून बोलत नाही, आणि आता हे?

दोर ताणला गेला. टाचा उचलल्या.

"ऑदा!" ती किंचाळली. "माझी धाकटी बहीण! हंड्यासाठी जिवावर उठलीय माझ्या! आणि ती काय मोठी साध्वी? तिथंच तर होती, तिनंही गुडघे टेकलेच की!"

फादरांनी हात वर केला. दोर सैल झाला.

"ऑदाही होती? हे ठाऊक नव्हतं आम्हाला," ते हळूच म्हणाले. "आता सांगायला हरकत नाही. आज सकाळी त्या पाखंड्याला टांगला. त्यानं फक्त तुझं नाव घेतलं. तुझ्या बहिणीचं नाही."

"खोटं बोलले मी फादर! भीतीनं बोलले! ती नव्हती तिथं, आईची शपथ नव्हती!"

"गोत, माणसं पाठव. त्या ऑदाला घेऊन या."

"अहो, ती हट्टी आहे हो! मारून टाकलंत तरी कबूल व्हायची नाही. मला टांगा! हे घ्या, टांगा मला!" तिनं स्वतःच पाठ फिरवून फासातले हात गोतपुढे केले.

गोतनं फादरांकडे पाहिलं. फादरांनी नकारार्थी मान हलवली. तिची कबुली झाली होती, आता तिला टांगायचं काहीच कारण उरलं नव्हतं. गोतनं फास सोडला आणि दोर ऑदासाठी तसाच लोंबता ठेवला.