कोरा रकाना

"चाळणीबाई, हा रकाना कोरा कसा?" साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

दोन देशांचं भांडण मिटवायला मध्यस्थ निवडायचा, की परराष्ट्र खात्यात आधी नावं तिच्या टेबलावर येत. प्रत्येक नावासमोर हरकतींचा रकाना. कुणाची सासुरवाडी कुठली, कोण कुणाच्या खर्चाने कुठे फिरून आला, सगळं ती खोदून काढी. सव्वीस वर्षं हेच. म्हणून चाळणीबाई. या नावाचा तिला अभिमानही होता, खोटं कशाला बोला!

या वेळचं भांडण शेजारच्या देशाशी, समुद्रातल्या हद्दीचं होतं. तिचा धाकटा भाऊ, बोटीवरचा इंजिन मेकॅनिक, हद्द ओलांडली म्हणून अकरा महिने पलीकडच्या तुरुंगात होता. ऑफिसात तिने हे कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर फाइल त्याच दिवशी काढून घेतली असती.

यादीत दोनच नावं उरली होती. पहिलं तिसऱ्याच देशातल्या एका निवृत्त न्यायाधीशांचं. मागच्या एका तंट्यात 'आधी कैदी घरी, मग बोलणी' म्हणून ते अडून बसले होते आणि कैदी खरोखर घरी गेले होते. त्यांची सून पलीकडच्या देशातली आहे, हे तिला दुसऱ्याच दिवशी सापडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सापडलेलं लिहिलं नाही.

"काही सापडलं नाही, साहेब. माणूस स्वच्छ आहे."

"तुम्हाला सापडलं नाही?" साहेब हसले. "बाई, तुम्ही देवातही खोट काढाल. तुम्हाला सापडत नाही म्हणजे यानं काहीतरी जबरदस्त दडवलंय. नको ही जोखीम. दुसरा कोण?"

"माजी राजदूत. चार हरकती आहेत. मागचं प्रकरण त्यांनी नऊ वर्षं लोंबकळत ठेवलं."

"पण माहितीतला आहे ना? पाठवा त्याचंच नाव."

सुनेचं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण सांगूनही न्यायाधीशांचं नाव कटलंच असतं. सव्वीस वर्षांच्या चोख कामानेच भावाचा घात केला होता. तिला स्वतःची शिसारी आली. पत्र तिनेच टाइप केलं, एकही चूक न करता.

घरी भावजय दारातच उभी होती. हातात चष्म्याची डबी.

"ताई, यांचा घरी राहिलेला चष्मा आणला दुकानातून. काडी बदलून दिली. ठरला का हो माणूस?"

"ठरला."

"चांगला आहे?"

"अनुभवी आहे."

भावजयीचा चेहरा उजळला. तिने चष्मा उजेडात धरून काचा पुसल्या. "नंबर तोच ठेवलाय. इतक्यात काही बदलायचा नाही ना?"

"इतक्यात कुठे बदलतो?" ती म्हणाली. मग डबी घेऊन तिने भावाच्या खणात, अगदी मागे, ठेवून दिली.